कुलपाची पेटी, काचेची टाकी

आमच्या गल्लीच्या टोकाचा दिवा दिवसभर जळतो आणि अंधार पडला की विझतो. त्याला कोणीतरी वेळ समजावून सांगावी. — एक करदाता.

*

गुलाबी फ्रेम. डाव्या काडीवर ससा. उजव्या काडीवरचा ससा झिजून गेलेला, फक्त कान शिल्लक.

*

"कुलूप असेल तर ती मालमत्ता. कुलूप नसेल तर तो कचरा. तुमची पेटी दोहोंपैकी काय आहे ते आधी ठरवा, मग अर्ज लिहा."

*

माणसाला भाऊ आधारासाठी मिळतो, मित्र गप्पांसाठी मिळतो आणि साडू तुलनेसाठी मिळतो.

*

बेकरीवाल्याने माझा दंड धरला होता. दंडाखालचा सगळा हात माशांच्या टाकीत होता. टाकीत मासे नव्हते.

*

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं कोणाला वाटलं तर माझी तक्रार नाही. महिनाभर मलाही तसंच वाटत होतं.

आमचा सेवा क्लब म्हणजे बावीस सभासद, एक पितळी घंटा आणि एक कापडी बॅनर. दर पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी सहाला हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. घंटा वाजते आणि समाजासाठी काय करावं याचा विचार सुरू होतो. तो साधारण पावणेआठपर्यंत चालतो. बॅनरशिवाय झालेली सेवा आमच्याकडे धरत नाहीत. मागे आमच्या एका सभासदाने रस्त्यात घेरी येऊन पडलेल्या म्हाताऱ्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात पोचवलं. पण बॅनर घरी राहिला होता. अहवालात ते काम आलं नाही. सभासदाला फार वाईट वाटलं. पुन्हा एकदा पडाल का, असं तो त्या म्हाताऱ्याला विचारून आला, अशी वदंता आहे.

क्लबचे संस्थापक म्हणजे माझे सासरे. वय त्र्याऐंशी, पाठ ताठ, बोलणं मोजकं. गेली एकतीस वर्षं प्रत्येक नव्या अध्यक्षाचं नाव ते सुचवतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. याला आम्ही निवडणूक म्हणतो.

सासऱ्यांना मुली दोन, म्हणून जावई दोन. थोरला मी. धाकटा माझा साडू. मी जमीन मोजणीच्या कार्यालयात, जुने नकाशे ठेवतात त्या खोलीत मुख्य कारकून आहे. आलेला प्रत्येक कागद आवक रजिस्टरात, गेलेला प्रत्येक कागद जावक रजिस्टरात; सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक चिठ्ठी गहाळ झालेली नाही. साडू पाण्याचे पंप विकतो. त्याच्या खिशात कागद म्हणून सापडलाच तर तो बिस्किटाच्या पुड्याचा असतो.

साडूबद्दल माझ्या मनात काही नाही. हे मी शांतपणे सांगतो. आता, सासऱ्यांच्या घरचा नळ गळत होता, त्याचा मी तीन रविवार अभ्यास केला आणि चौथ्या रविवारी त्याने येता-येता तो पिळून बंद केला, यात मनात ठेवण्यासारखं काय आहे? मी गेलो की सासरे उठून म्हणतात, "या, बसा." मला खुर्ची मिळते. तो सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर पाय हलवत बसतो. मला ते चोवीस वर्षं 'तुम्ही' म्हणत आले आहेत आणि त्याला 'गाढवा' म्हणतात. हा फरक ज्याला टोचत नाही तो कधी थोरला जावई झालेला नाही.

तर त्या गुरुवारी सासरे उभे राहिले आणि म्हणाले, "पुढचा अध्यक्ष माझ्या घरातला व्हावा अशी इच्छा आहे. पण घरात दोन आहेत. म्हणून दोघांना एकच काम देतो. लोकांच्या कपाटात जुने चष्मे पडून असतात. ते गोळा करा. गावाचा वरचा भाग थोरल्यांनी घ्यावा, खालचा या गाढवाने. महिन्याने गरजूंना वाटप. ज्याचं काम माझ्या नजरेत भरेल त्याचं नाव मी सुचवीन."

साडू खुर्चीवर रेलून हसला. "बाबा, कशाला स्पर्धा? साडूभाऊंनाच करा की."

सगळे कौतुकाने त्याच्याकडे बघायला लागले. हा माणूस नको म्हणूनसुद्धा मिळवतो. त्या क्षणी मी ठरवलं की मी अध्यक्ष होणार. त्याच्या आधी होणार, त्याच्यासमोर होणार आणि तो टाळ्या वाजवत असताना होणार.

*

वरच्या मजल्यावरच्या बाई रोज सकाळी खिडकीतून गादी झटकतात. आम्ही खाली तोंड धुवत असतो. कृपया त्यांना दुसरी दिशा द्यावी.

*

पेटी करायची म्हटल्यावर आमच्या इमारतीत सल्ल्यांची कमतरता नव्हती. शेजारी निवृत्त मुख्याध्यापक राहतात. ते गुरुजी म्हणाले, "फट निमुळती ठेवा, म्हणजे कोणी हात घालून काढणार नाही." तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आतून एक पत्रा तिरका लावा. आजकाल लोक तारेने ओढतात." काय ओढतात, हे त्यांनी सांगितलं नाही. सुतार म्हणाला, "कुलूप तर हवंच. कुलपाशिवाय पेटीला पेटी कोण म्हणेल?" मला हे सगळं पटलं. कोणी कुलपाचा विषय काढला की मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

तयार झाली ती पेटी शिसवीच्या रंगाची, भक्कम, तीन बिजागऱ्यांची. तिच्यात चष्मा जात नसे. म्हणजे घरासकट जात नसे. काड्या मिटून, आडवा धरून, अंगठ्याने जोर देऊन ढकलला तर जाई, आणि आत तिरक्या पत्र्यावर आपटला की 'कट्' असा आवाज येई. हा आवाज सुरक्षिततेचा आहे असं मी मानलं.

पेटीवर लिहिण्यासाठी मी रंगाऱ्याला एक्केचाळीस शब्दांचा मजकूर दिला होता. त्यात क्लबचं नाव, उद्देश, मुदत आणि माझं पद एवढंच होतं. रंगारी म्हणाला, "साहेब, पेटी लहान आहे." शेवटी त्याने मोठ्या अक्षरांत 'येथे टाका' असं लिहिलं आणि उरलेले एकोणचाळीस शब्द खाली मुंगीएवढ्या अक्षरांत बसवले. ते वाचायला चांगला चष्मा लागे, आणि ज्याच्याकडे चांगला चष्मा आहे तो तो देणार नव्हता.

साडूने काय केलं? त्याच्याकडे माशांची काचेची टाकी होती. मासे मेले होते. त्याने टाकी पुसली, बेकरीच्या फळीवर ठेवली, स्वतःचा जुना चष्मा आत टाकला आणि बेकरीवाल्याशी गप्पा मारत एक बिस्किट खाल्लं. काम संपलं.

मी मात्र रीतसर परवानगी काढायला प्रभाग कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने माझा अर्ज दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्याने चष्मा काढला, म्हणून मला उगीच आशा वाटली. त्याने तो पुसून पुन्हा घातला.

"चष्मा कोणत्या खात्यात येतो?" त्याने विचारलं.

"आरोग्य?"

"डोळ्यावर असला तर आरोग्य. पेटीत असला तर वस्तू. रस्त्यावर असला तर रस्ते खातं." तो मागे टेकला. "पेटीला कुलूप आहे?"

"आहे," मी अभिमानाने म्हणालो.

तेव्हा त्याने ते मालमत्ता आणि कचऱ्याचं वाक्य उच्चारलं. मला टाळी द्यावीशी वाटली. हे सांगितलं पाहिजे की मला त्याचा राग आला नाही. सव्वीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे; बाहेरच्या बाजूला उभं राहून असा उत्तम दर्जाचा आक्षेप ऐकण्याचा योग प्रथमच आला होता. आम्ही दोघांनी मिळून अर्ज चार वेळा लिहिला. शेवटच्या मसुद्यात पेटी ही 'तात्पुरती स्थिर मालमत्ता' ठरली आणि अशी मालमत्ता कार्यालयाच्या आवाराबाहेर ठेवता येत नाही असं निघालं. म्हणून ती आवारातच, पाणीपट्टीच्या खिडकीशेजारी, भिंतीला चार स्क्रूंनी बसवली गेली.

एक कुलूपबंद पेटी. फट. वर 'येथे टाका'. तीही प्रभाग कार्यालयात. लोकांनी तिला काय समजावं अशी माझी अपेक्षा होती, हा प्रश्न बायकोने मला नंतर विचारला. आधी विचारायला काय झालं होतं?

*

नाल्यावरचं झाकण गेले तीन महिने उघडं आहे. माझ्या सासूबाई एकदा पडल्या. फार लागलं नाही, पण त्या परत पडतील अशी मला काळजी आहे. — सून. (सासूबाईंना नाव कळू नये.)

*

आठवड्याने मी किल्ली घेऊन गेलो. पेटी जड लागली. अंगावर रोमांच आले. घरी आणून टेबलावर उपडी केली. चष्मे तीन: एक बिनकाचेचा, एक मांजरीच्या डोळ्यासारखा टोकदार बायकी, आणि एक तो गुलाबी, सशाचा. बाकी सदतीस चिठ्ठ्या. दिवा, गादी, झाकण, भुंकणारा कुत्रा, न भुंकणारा पहारेकरी.

"फेकून द्या," बायको म्हणाली.

"अगं, कागद आहेत ते."

"मग?"

हे तिला समजावणं अशक्य आहे. आलेला कागद फेकायचा? मी एक कोरी वही घेतली, रेघा मारल्या आणि प्रत्येक चिठ्ठीला आवक क्रमांक दिला. मग ज्या-त्या खात्याला सोबतपत्र लिहून त्या पाठवून दिल्या. कोणाचं पत्र कोणत्या टेबलावर जाईल, पहिल्या ओळीत काय लिहिलं की ते टेबलावरून उठतं, आणि कोणत्या शब्दाने ते कायमचं झोपतं, एवढं मला आयुष्याने शिकवलं आहे. यात समाजसेवेचा हेतू मुळीच नव्हता. टेबल साफ करायचं होतं.

दरम्यान बातम्या येत होत्या. मेहुणीचा, म्हणजे साडूच्या बायकोचा, रोज फोन. बायको फोनवर बोलत असली की मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसे.

"ऐंशी झाले म्हणे त्यांचे," ती आत येऊन म्हणाली. "शाळेतल्या मास्तरांनी एकदम बारा दिले. काचेतून दिसतात ना, म्हणून एकाचं बघून दुसरा टाकतो."

"मी विचारलं?"

"नाही. तुमचे कान विचारत होते."

मग मी दारोदार जायला लागलो. दारात सुना येत. 'जुना चष्मा आहे का' म्हटलं की त्यांचे डोळे चमकत आणि त्या आत जाऊन सासऱ्यांचा, नवऱ्याचा, मिळेल तो चष्मा आणून देत. चार दिवसांत आठ चष्मे जमले. पाचव्या दिवशी आमची बेल वाजली. बाहेर गुरुजी, एक हात भिंतीवर, दुसरा माझ्या नाकाच्या दिशेने.

"कोण आहे?" त्यांनी मलाच विचारलं.

"गुरुजी, मी."

"हं. आमच्या सूनबाईंनी दान केलं ते परत करा. सकाळपासून मी कालचं वर्तमानपत्र वाचतोय असं समजून कॅलेंडर वाचतोय."

आठातले पाच परत गेले. माणसाच्या नाकावरून काढून आणलेल्या वस्तूला दान म्हणत नाहीत, असं जाताना गुरुजींनी जिन्यातून मोठ्याने सांगितलं. तीन मजल्यांनी ते ऐकलं.

*

आवक क्र. ४१. दिवा आता अंधार पडल्यावर लागतो. धन्यवाद. पण तो आता आमच्या बेडरूममध्ये येतो. — तोच करदाता.

*

आता बेकरी. हा भाग मी थोडक्यात उरकणार होतो. पण बेकरीवाला हे सगळ्या गावाला सविस्तर सांगतो, तेव्हा माझीही बाजू कुठेतरी असावी.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी खालच्या भागात सहज गेलो. तिथे माझं काही काम नव्हतं, याला मी सहज म्हणतो. बेकरीत गर्दी नव्हती. टाकी फळीच्या टोकाला होती. काठोकाठ भरलेली! सोनेरी काड्या, काळ्या फ्रेमा, जाड भिंगं. उन्हाची तिरीप पडून सगळे चष्मे एकदम माझ्याकडे बघत होते. दीडशे डोळ्यांनी आपल्याकडे कोणी बघितलं आहे का? बघितल्यावर कळतं की आपण आयुष्यात काहीच केलेलं नाही.

मला फक्त मोजायचे होते. वरून मोजता येईनात, म्हणून वाकलो. अजून वाकलो. घामाने नाक निसरडं झालेलं. माझा चष्मा घसरला आणि अलगद, आवाजही न करता, साडूच्या टाकीत जाऊन पडला.

जगातले चष्मे दोन प्रकारचे असतात: आपला आणि इतर. आपला नाकावर नसला की हा फरक मिटतो. मी हात घातला. एक काढला, डोळ्याला लावून बघितला. तो माझा नव्हता. फळीवर ठेवला. दुसरा काढला. पाचवा काढेपर्यंत बेकरीवाला भट्टीवरून बाहेर आला होता.

"ए! चष्मे चोरतोस?"

"मी चोर नाही. मी क्लबचा सभासद आहे."

"सगळे तेच म्हणतात," असं तो म्हणाला. याआधी कोण म्हणालं होतं, हे कळलं नाही. त्याने दंड धरला. रस्त्यावरून चार माणसं आत आली; ती माणसं होती हे मी आवाजावरून ठरवलं. कोणीतरी म्हणालं, "म्हातारी माणसं आंधळी ठेवून याला काय मिळतं?" एका बाईने मला अंगावरचे कपडे चांगले असल्याबद्दल जास्तच नावं ठेवली.

आणि मग तो आवाज आला. नेमका, वेळेवर, हसतमुख. "अहो, अहो, सोडा त्यांना! आमचे थोरले साडूभाऊ आहेत ते. स्वतःच्या डोळ्यावरचा चष्मा द्यायला आलेत!"

टाळ्या. त्या बाईने तर डोळे पुसले असावेत. नाक ओढल्याचा आवाज आला. साडू माझ्या कानाशी कुजबुजला, "तुमचा कोणता? काढून देतो."

पण एवढ्यात बेकरीवाला सद्गदित झाला होता. "घरचा जुना कोणीही देतो," तो गर्दीला सांगत होता. "नाकावरचा देणारा पहिला बघितला." साडूच्या पंपाच्या गाडीत क्लबचा बॅनर असतोच. तो आला. दोघांनी धरला. मी मध्ये उभा राहिलो आणि जिथे कॅमेरा असावा असं वाटलं तिकडे बघून हसलो. फोटो वर्तमानपत्रात छापून आल्यावर दिसलं की मी पावाच्या कपाटाकडे बघून हसत होतो.

अशा प्रसंगी माझा चष्मा परत द्या असं म्हणणारा माणूस मला दाखवा. मी त्याच्याकडून शिकवणी घेईन.

घरी साडूनेच पोचवलं, हात धरून. वाटेत तो सांगत होता, "इथे खड्डा आहे, साडूभाऊ. आता पायरी." मायेने सांगत होता. त्या मायेपेक्षा खड्डा परवडला असता.

"चष्मा कुठाय?" बायकोने दार उघडून विचारलं.

"दान केला."

"कुठल्या पेटीत?"

मी भिंत चाचपत आत गेलो. ती बराच वेळ हसली, मग तिने माझ्या डोळ्यांना पाणी लावलं, मग पुन्हा हसली. नवा चष्मा मिळायला दहा दिवस लागणार होते. ऑफिसात मी रजा टाकली. पण टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग वाढत होता, आणि माझ्याच पेटीतल्या चष्म्यांपैकी एकाने मला अक्षर दिसत होतं. तो मांजरीच्या डोळ्यांचा. सशाचाही घालून बघितला. पण तो कानांपर्यंत पोचला नाही.

*

आवक क्र. ४४. आपण दिवा आणि झाकण करता असं ऐकलं. माझा मुलगा पत्र लिहीत नाही. त्याला आपल्या पद्धतीने लिहावं. पत्ता मागे दिला आहे.

*

वाटपाचा रविवार उजाडला. शाळेच्या हॉलमध्ये दोन टेबलं मांडली होती: त्याचं आणि माझं. मध्ये आमचे सभासद चष्मेवाले तपासणीचा तक्ता टांगून बसले होते. साडूच्या टेबलावर एकशे साठ चष्मे नंबराप्रमाणे रांगेत, मागे बॅनर. माझ्या टेबलावर पाच. त्यातलाही सशाचा एक. सहावा माझ्या नाकावर होता.

सासरे आठलाच आले, ताठ. मी टोकदार बायकी फ्रेममधून त्यांना नमस्कार केला. त्यांनी निरखून पाहिलं आणि ते साडूच्या टेबलाकडे वळले.

लोक यायला लागले. म्हाताऱ्या बायका, गवंडी, शिंपी. साडूच्या टेबलावर एकेक जण चष्मा लावी, तक्ता वाचून दाखवी आणि हसे. शिंप्याने तर खिशातून सुई काढून तिथेच दोरा ओवून दाखवला. टाळ्या. मी माझे पाच चष्मे आधी उभे मांडले, मग आडवे मांडले. पाच चष्मे कसेही मांडले तरी पाचच दिसतात.

आणि मग माझ्या टेबलासमोर एक बाई येऊन उभी राहिली. तिला चष्मा नको होता. तिच्या हातात कागद होता.

"झाकणवाले साहेब तुम्हीच ना?"

तिच्यामागे एक म्हातारा. त्याच्यामागे दोन बायका. त्यांच्यामागे रांग दारापर्यंत गेली. आधीच चष्मे नाहीत आणि वर ही भलती गर्दी! मी हळू आवाजात म्हणत होतो, "आज नाही, बाई, आज चष्म्यांचा दिवस आहे." पण त्या कागद पुढे करत होत्या, आणि पुढे केलेला कागद मला मागे ढकलता येत नाही. मी वही उघडली.

आमचे सध्याचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरचा चूळ भरून घेईल अशा बेताने ते प्रत्येक वाक्यानंतर थांबतात. ते आले. "ही रांग कशाची?" थांबले. "आपल्या अहवालात बसते का?" थांबले. "मागे बॅनर नाही." आणि गेले.

सासऱ्यांनी एक खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. तासभर बसले. माझं अक्षर बिघडायला लागलं. शेवटी त्यांनी वही स्वतःकडे फिरवली.

"हा क्रमांक?"

"आवक."

"आणि हा?"

"जावक. पत्र कधी गेलं ते."

"उत्तरं?"

"एकोणीस आली. बाकीच्यांना स्मरणपत्रं."

"हा मुलगा कोण? चव्वेचाळीस."

"त्याचं त्याच्या आईला पत्र आलं, बाबा. मी फक्त लिहिलं होतं की आपल्या आईचा अर्ज या कार्यालयाकडे प्रलंबित आहे."

"हं," सासरे म्हणाले.

त्यांच्या 'हं'चा अर्थ लावण्यात मी चोवीस वर्षं घालवली आहेत. हा मला त्यांच्या आधीच्या कुठल्याही 'हं'सारखा वाटला नाही. त्यामुळे तो वाईट असणार, असं मी धरलं.

पलीकडे साडूचं टेबल रिकामं झालं होतं. एकशे साठ चष्मे माणसांच्या नाकावर बसून घरी गेले. टाकीत पडलेला माझाही गेला; तो एका गवंड्याला इतका चपखल बसला की गवंडीच मला ओळखीचा वाटायला लागला.

*

गुरुवार. घंटा वाजली. सासरे उभे राहिले, खिशातून घडी केलेला कागद काढला, तो उलगडला, घसा साफ केला. मी खुर्चीच्या काठावर आलो. बायकोने मला नवा शर्ट घालून पाठवलं होतं. नवा चष्माही सकाळीच आला होता. हरताना तरी नीट दिसावं.

आणि सासऱ्यांचं तोंड उघडायच्या आत साडू उभा राहिला.

"बाबा, एक मिनिट. तुमच्या आधी मी बोलतो. अध्यक्ष म्हणून मी साडूभाऊंचं नाव सुचवतो. माझं काय हो, टाकी ठेवली आणि बिस्किटं खाल्ली. गावातली निम्मी माणसं यांच्या टेबलासमोर उभी होती. मी बघत होतो ना."

टाळ्या, अशा टाळ्या की खालच्या दुकानातून हार्डवेअरवाला काय पडलं ते बघायला वर आला. सगळे उठून साडूच्या पाठीवर थाप मारत होते. केवढं मन, केवढा मोठेपणा! दातांच्या डॉक्टरांनी त्याला मिठी मारली आणि मधे थांबले नाहीत. माझ्याकडे शेवटी चष्मेवाले आले. ते म्हणाले, "फ्रेम छान आहे."

सासऱ्यांनी हातातला कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला.

त्या कागदावर कोणाचं नाव होतं?

मी तीन रात्री झोपलो नाही. माझं असेल तर मी जिंकलो होतो आणि साडूने माझा विजय माझ्या हातात पोचण्याआधी उचलून मला भेट दिला होता. त्याचं असेल तर मी हरलो होतो आणि त्याने मला दया दाखवली होती. दोन्हींत तो वर होता. तिसरी शक्यता मी कागदावर रेघा मारून शोधली, सापडली नाही.

"अहो, झालात ना अध्यक्ष?" बायको म्हणाली.

"त्याने केलं."

"मग राजीनामा द्या."

"म्हणजे तो होईल!"

"मग विचारा बाबांना, आणि मला झोपू द्या."

रविवारी गेलो. "या, बसा," सासरे म्हणाले. मी खुर्चीवर बसलो. साडू आतमध्ये ओट्यावर होताच. पाय हलल्याचा आवाज येत होता. मी धीर केला.

"बाबा, परवा त्या कागदावर..."

"कुठला कागद?"

"नावाचा."

सासऱ्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "त्या गाढवाने मध्ये तोंड घातलं. आता काय उपयोग?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही चांगलं काम केलंत." आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. मी तो उघडला. घरासमोरच्या फुटपाथची फरशी निसटली आहे, असं त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं. खाली सही, तारीख.

"क्रमांक द्या त्याला," ते म्हणाले.

मी एकशे सात दिला.

सुताराने मला पुढे कधीतरी सांगितलं: पेट्या ठेवून तिसरा आठवडा चालू होता, बेकरीतल्या त्या दुपारच्या दोन दिवस आधी, तेव्हा साडू आमच्या सुताराकडे गेला होता आणि त्याने माझ्या पेटीसारखीच, फटीची आणि कुलपाची, एक पेटी चिठ्ठ्यांसाठी करायला सांगितली होती.